कॉलरची अंगाई

जाऊबाईंनी फिरकीच्या मशीनच्या पायडलखाली अर्धी वीट सरकवली, म्हणजे पाय पुरता दाबलाच जाऊ नये. तरी कॉलर अडतीस सेकंदांत शिवून झाली.

"घ्या," मावशींनी मोबाइलमधलं घड्याळ सगळ्यांपुढे धरलं. "वीट नव्हती तेव्हाही अडतीस, वीट आहे तरीही अडतीस. विटेनं काय केलं मग? नुसती बसली!"

फिरकी ओशाळली. "हळूच शिवत होते हो मी."

"हे तुझं हळू? तुझ्या हळूनं बघणाऱ्याला धाप लागते, बाई."

जेवणाची सुट्टी चालू होती. कॉलर शिवणाऱ्या सहाही जणी डबे बाजूला सारून फिरकीच्या मशीनभोवती उभ्या होत्या. उद्या घड्याळवाले साहेब येणार होते. इथले शर्ट ज्या दूरच्या देशात जात, तिथल्या कंपनीला एक कॉलर किती सेकंदांत होते ते हवं होतं. मोजणार एकीलाच, आणि तिचा जो आकडा निघेल तोच सहाजणींचा. सुपरवायझरनं फिरकीचं नाव पुढे केलं होतं, तेही अशा तोऱ्यात, की पोटची लेकच स्थळाला दाखवतोय.

मागच्या वर्षी खिशांच्या रांगेत हेच झालं होतं. एका चुणचुणीत मुलीनं जीव तोडून खिसे शिवून दाखवले. तिला शाबासकी मिळाली आणि एक छत्री मिळाली. रांगेतल्या बाकीच्यांना तिचा आकडा मिळाला. तो गाठता न आल्यानं महिनाभरात चौघी घरी बसल्या. त्या मुलीनं ती छत्री अजून उघडलेली नाही. पावसात भिजत येते.

मावशींची कॉलर साठ सेकंदांची. बोटांची पेरं सुजलेली, सुईत दोरा ओवायलाच त्यांना दोनदा डोळे मिटून उघडावे लागत. आकडा अडतीस निघाला, तर घरी बसणाऱ्यांत पहिलं नाव कुणाचं, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. मावशी तर मुळीच नाही. त्याच सगळ्यांत जास्त विनोद करत होत्या.

आणि फिरकीचा तरी काय दोष? तिच्या हातांना जन्मापासून पायच होते. सासूबाई म्हणायच्या, हिच्या हातचं भांडं आधी घासून होतं, मग भांड्याला कळतं. गेली अकरा वर्षं या मशीनवर तिनं एकच गोष्ट स्वतःची म्हणून कमावली होती, ती म्हणजे हे नाव.

"असं कर," जाऊबाई म्हणाल्या, "काहीतरी वाईट आठव. दुःखात माणूस मंदावतं."

फिरकीनं वडिलांचं जाणं आठवलं. डोळे भरले, नाक लाल झालं, कॉलर झाली.

"छत्तीस!" मावशी ओरडल्या. "दुःखात तर आणखी सुटली ही!"

हसून हसून एकीनं डब्याचं झाकण पाडलं. फिरकी मात्र हसली नाही. तिनं पुढची कॉलर घेतली. मावशी तिच्याकडे टक लावून पाहत होत्या, आणि पाहता पाहता त्यांनी कान पुढे केला.

"तू ओठांत काय गं पुटपुटतेस?"

"कुठं काय?"

"परत शीव."

फिरकीनं परत शिवली. मावशींनी कान जवळजवळ तिच्या गालाला लावला. ओठांतून बारीक सूर येत होता, लहानपणी शेतातली पाखरं हाकताना म्हणायचा:

*उड उड पाखरा, शेत आलं पिकून,*
*उशीर केलास तर बसशील हुकून.*

"हात्तिच्या!" मावशींनी कपाळाला हात लावला. "पाखरामागं पळतेय ही! हात कसे थांबतील? अगं, गाणं बदल. मी चार पोरं निजवली, ती एका गाण्यावर. घे."

आणि सुजल्या बोटांनी मशीनच्या कडेवर ताल धरत त्यांनी सुरू केलं:

*हळूच ये वाऱ्या, उंबऱ्याशी थांब,*
*बाळाच्या झोपेची वाट फार लांब.*

फिरकी घुटमळत म्हणू लागली. तिसऱ्या कडव्याला तिचा पाय सैल पडला. टोक उलटवताना हात असे फिरले, जसे पाळण्यातल्या पोराची टोपी सारखी करताहेत. अठ्ठावन्न.

कुणीतरी खोल श्वास सोडला.

"असं मी कधी शिवलं नाही," फिरकी पडल्या चेहऱ्यानं म्हणाली.

"शिवलंस कुठं? निजवलंस," मावशी म्हणाल्या, आणि मोबाइल ओच्यात टाकून आपल्या जागी गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साहेब कसले, तिशीतला पोरगाच. गळ्यात स्टॉपवॉच, काखेत पुठ्ठ्याला लावलेला कागद, डोळे तांबारलेले. शर्टाचं तिसरं बटण चौथ्या काजात. सहाही जणींना ते एकाच नजरेत दिसलं. त्यांचा धंदाच तो.

"या आमच्या फिरकी," सुपरवायझरनं छाती पुढे काढली. "बघाच तुम्ही. पापणी लवायच्या आत कॉलर खाली."

साहेबांनी बटण दाबलं. फिरकीनं कापड सुईखाली घेतलं आणि ओठांत वाऱ्याला उंबऱ्याशी थांबवलं.

पहिली कॉलर सत्तावन्न. दुसरी एकोणसाठ. सुपरवायझरच्या पापण्या पन्नासदा लवून झाल्या होत्या.

"बरं नाही का गं तुला?" तो वाकून कुजबुजला.

"बरी आहे की."

साहेबांनी आकडा लिहिला आणि सहज विचारलं, "फिरकी यांनाच म्हणतात ना? की दुसऱ्या कुणाला?"

ते फिरकीच्या वर्मी लागलं. कान तापले. पायाच्या अंगठ्यात मुंग्या आल्या. पाखरू पंख झटकत ओठांपर्यंत आलं. एक, फक्त एक कॉलर अशी मारावी, की या पोराचं घड्याळ गळ्यातच बंद पडावं! तिनं कापड ओढून घेतलं, मान ताठ केली. मशीन गुरगुरलं.

समोरच्या मशीनवर मावशी सुईत दोरा ओवत होत्या. पहिल्यांदा हुकला. त्यांनी डोळे मिटले, उघडले, दोऱ्याचं टोक ओलं केलं. त्यांनी फिरकीकडे वर पाहिलंही नाही.

फिरकीनं पाखरू गिळलं. बाळाच्या झोपेची वाट फार लांब होती. ती त्या वाटेनं पाऊल पाऊल चालत राहिली. सूर नकळत ओठांबाहेर येऊ लागला.

सहाव्या कॉलरला सुपरवायझरला जांभई आली. सातव्याला जाऊबाईंना. आठव्याला साहेबांची मान हळूच खाली गेली, कॉलर पूर्ण होऊन टोपलीत पडली, आणि स्टॉपवॉच आपलं धावतच राहिलं.

"साहेब," फिरकी म्हणाली. "झाली."

ते दचकले. घड्याळात दोन मिनिटं होऊन गेली होती. त्यांनी चोरून इकडे तिकडे पाहिलं.

"हा आकडा धरू नका, ताई," ते पुटपुटले.

"नाही धरत."

दहा कॉलरी झाल्या. साहेबांनी कागदावर अठ्ठावन्न लिहिलं, आणि पुढच्या चौकटीत 'वेग: साधारण'. फिरकीला ते समोरून उलटं दिसणारं अक्षरही वाचता आलं. साधारण! तिनं सुईवरची नजर हलवली नाही.

सुपरवायझर पाय आपटत ऑफिसकडे गेला. साहेब मात्र रेंगाळले. कागद उलटा करून त्यांनी पेन काढलं.

"ताई, ते वाऱ्याचं... उंबऱ्याशी थांब. पुढची ओळ काय?"

सहाही मशीनं एकदम थांबली. मावशींचा हात हवेतच राहिला.

"म्हणजे, घरी मुलगी झालीय," साहेब म्हणाले. "एकवीस दिवस झाले. निजतच नाही हो."

मावशी उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि चारही कडवी सांगितली. साहेबांनी ती आकड्यांच्या मागच्या बाजूला लिहून घेतली, एक शब्द दोनदा विचारून. मावशी म्हणाल्या, "आणि शर्टाची बटणं सारखी करा. बायकोला सांगा, गाताना घाई करू नको म्हणावं."

साहेबांनी बटणं चाचपली. दारापाशी गेल्यावर ते वळले.

"उद्या मी पलीकडे आहे. बाह्यांच्या हॉलमध्ये." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्यांना येतं का हे गाणं?"

कुणी काही बोलायच्या आत ते निघून गेले होते.

संध्याकाळी सुटल्यावर पाण्याच्या नळाशी मावशींनी आपल्या भाचीला गाठलं. ती बाह्या शिवायची.

दुसऱ्या दिवशी फिरकी नेहमीसारखी मशीनवर बसली. तिच्या पाठीशी पत्र्याची आडभिंत, आणि भिंतीपलीकडे बाह्यांचं पहिलं मशीन, मावशींच्या भाचीचं. त्याची घरघर तिला रोजच ऐकू यायची. आज तिथं साहेबांचं घड्याळ लागलं होतं. तिनं कान दिला. खर्र, खर्र, खर्र. छे! भलतीच घाई. पोर घाबरली होती. अंगाई म्हणत होती खरी, पण म्हणत होती पळत पळत. असं निजतं का कुठलं मूल?

फिरकीनं कात्री उचलली आणि कात्रीच्या मुठीनं पत्र्यावर एक ठोका दिला. मग थांबली. पुरेशी थांबली. मग दुसरा.

"काय चाललंय गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"श्शू," फिरकी म्हणाली. "शिकवतेय."

पलीकडचं मशीन अडखळलं, आणि हळूहळू तिच्या ठोक्यावर येऊ लागलं.