मयत ग्राहकाची तक्रार

कायद्याच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळी सुट्टीत माझ्या वर्गातली पोरं मोठमोठ्या वकिलांकडे काम शिकायला गेली. तिथे म्हणे काचेची दारं होती आणि कॉफीचं मशीन. मी गेले वीजग्राहकांची बाजू मांडणाऱ्या एका संस्थेत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक पंखा, तोही मनात आलं तर फिरणारा. संस्था म्हणजे मॅडम. वीस वर्षं वीज कंपनीशी भांडून त्यांचा आवाज इतका शांत झाला होता की समोरच्याला घाम फुटायचा.

दुसऱ्या आठवड्यात एक ताई आल्या. घरी शिवणकाम करायच्या. मापाची टेप गळ्यात तशीच होती. नवऱ्याची फुप्फुसं निकामी होत आलेली, चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन. दुपारी व्होल्टेज इतकं उतरायचं की मशीन शिट्टी मारायचं आणि बंद पडायचं.

"मग मी पंखा बंद करते, फ्रीज बंद करते, शिलाई थांबवते आणि ह्यांच्याकडे बघत बसते," ताई म्हणाल्या. चार वेळा कंपनीत जाऊन आल्या होत्या. चारही वेळा साहेब जेवायला गेलेले.

मॅडम त्या दिवशी सुनावणीला होत्या. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागद बाहेर जायचा नाही, असा नियम होता. पण तिकडे माणूस गुदमरतोय आणि मी इथे नियम पाळत बसू? माझ्या नाकावर आधीच राग. तक्रार मीच लिहिली, मीच पाठवली. आणि लिहिली झकास. कॉलेजात सरांनी डोक्यात भरवलं होतं की वस्तुस्थिती पूर्ण सांगा, काही लपवू नका. म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की वीजजोडणी तक्रारदाराच्या सासऱ्यांच्या नावावर असून ते नऊ वर्षांपूर्वी वारले आहेत. हे मला कुणीही विचारलं नव्हतं.

चार-चार महिने उत्तर न देणाऱ्या कंपनीने तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं. ताई स्वतः ग्राहक नाहीत, सबब तक्रार फेटाळली. मूळ ग्राहक मयत असल्याचे आपल्याच पत्रावरून समजले, सबब त्यांच्याशी असलेला करार संपुष्टात आला असून गुरुवारी सकाळी अकरा वाजता वीजपुरवठा तोडण्यात येईल. पत्र सासऱ्यांच्या नावाने होतं. प्रत आम्हाला.

मॅडमनी ते दोनदा वाचलं.

"अगं शहाणे, या शहरातली निम्मी मीटरं मेलेल्या माणसांच्या नावावर आहेत. कंपनीला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे. आपण नुसतं 'ग्राहक' लिहितो आणि गप्प बसतो. या ऑफिसात आपण ग्राहकाला मारत नाही."

"पण मॅडम, ते खरंच वारलेत."

"नऊ वर्षं कागदावर धडधाकट होते. तू मारलंस."

जोडणी ताईंच्या नावावर करायची तर सगळ्या वारसांची संमती लागते. वारस दोन, ताईंचे यजमान आणि त्यांचा थोरला भाऊ. हा भाऊ चार गल्ल्या पलीकडे राहायचा, पण वडील गेल्यावर एका लाकडी कपाटावरून भांडण झालं आणि तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला होता. मॅडमनी अर्ज माझ्या हातात कोंबला.

"उद्या बुधवार. दिरांची सही आण. गुरुवारी साडेदहाला मी तक्रार मंचापुढे स्थगिती मागते. आणि हे कसं झालं ते ताईंना तू सांगायचंस. मी नाही."

ताईंचं घर एका खोलीचं. मशीन घुर्रघुर्र करत होतं. यजमान उशांना टेकून बसले होते. नाकाला नळी, आणि बायकोने शिवलेल्या शर्टांना बटणं लावत होते. मी पत्र दिलं. ताईंनी वाचलं, मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मामंजी गेल्याचं यांना कोणी सांगितलं?"

"कुणीतरी," मी म्हणाले. शरमही वाटली नाही. इतकी घाबरले होते की शरमेला जागाच उरली नव्हती.

"कुणीतरी कशाला? भावजींनीच! नऊ वर्षं तोंड दाखवलं नाही, आणि आता सख्ख्या भावाच्या जिवावर उठले!" ताईंनी फोन उचलला. यजमान मान हलवून नको नको म्हणत होते.

"ताई, त्यांची सही लागणार आहे."

"सही गेली खड्ड्यात! आधी चांगली खरडपट्टी काढते."

पलीकडे घंटा वाजायला लागली. मला गुरुवारचे अकरा दिसायला लागले.

"ताई, मी सांगितलं," मी म्हणाले. "तक्रारीत मीच लिहिलं. त्यांचा काही संबंध नाही."

"हॅलो?" फोनमधून आवाज आला.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. इतक्या तिरस्काराने माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. तोंडाशी आलेलं सगळं त्यांनी गिळलं.

"भावजी, मी बोलतेय. एक सही हवी होती तुमची. ह्यांना बरं नसतं."

"काय झालंय?"

"ऑक्सिजनवर असतात. तीन वर्षं झाली."

 मग "आलोच" म्हणून फोन बंद झाला.

"तू तिकडे कोपऱ्यात बस," ताई मला म्हणाल्या. "आणि तोंड उघडू नकोस." मी बसले.

दहा मिनिटांत दीर आले, धापा टाकत, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. भावाकडे न बघता त्यांनी कंपनीचं पत्र वाचलं, अर्ज ओढून घेतला आणि सही केली. आले तसे गेले.

गुरुवारी मॅडमनी मंचाच्या अधिकाऱ्यांसमोर शांतपणे विचारलं, "ही नोटीस मयत व्यक्तीच्या नावाने काढली आहे. ती त्यांना मिळाल्याची पोच दाखवता का?" कंपनीचे वकील खरोखरच फाईल चाळायला लागले. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. नाव बदलेपर्यंत वीज तोडायला स्थगिती, आणि आठवड्याभरात व्होल्टेजची दुरुस्ती. पावणेअकरा झाले होते. आदेशाची प्रत घेऊन मी जी धावत सुटले ती ताईंच्या गल्लीत थांबले.

अकरा वाजून गेले होते. वायरमनने खांबाला शिडी लावली होती आणि शिडीच्या खालच्या पायरीवर दीर बसले होते. आठ वाजल्यापासून खांबापाशी ठाण मांडून होते म्हणे.

"मी यांना सांगितलं, आधी मला उचला आणि मग चढा," ते म्हणाले.

वायरमनने आदेश वाचला. "बरं झालं बुवा," म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून चालू लागला.

दीर आत आले. दारातच घुटमळले, मग पलंगाच्या कडेला टेकले आणि पहिल्यांदाच भावाकडे नीट बघितलं. यजमानांनी बोलायला नाकाची नळी काढली.

"दादा, मी..."

"नळी लाव आधी," दीर म्हणाले. "बोलायला खूप वेळ आहे."

तेवढा वेळ नव्हता. ते सगळ्यांनाच दिसत होतं. या वेळी खरं ते मी माझ्यापाशीच ठेवलं. दिरांनी स्वतःच्या हातांनी भावाला नळी लावून दिली. ती उलट्या बाजूने लागली होती, ताईंनी सरळ केली.