सरळ केलेलं स्टूल

कार्यानुभवाच्या बाईंची खोली शाळेत सगळ्यांच्याच डोळ्यात खुपायची. पुठ्ठे, लाकडी पट्ट्या, डिंकाचे डाग. झाडणाऱ्या मावशींपासून मोठ्या बाईंपर्यंत प्रत्येकाचं नाक मुरडून झालं होतं. आता मोठ्या बाईंना तिथे कॉम्प्युटर मांडायचे होते.

"प्रदर्शनात पालकांना काम आवडलं तर खोली तुमची," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या वर्षी वर्गातच कागदाच्या घड्या घाला."

बाईंचा एक हट्ट होता. मुलांच्या कामाला त्या बोटही लावत नसत. घरातल्या कुणाची तरी अडचण शोधा, वस्तू जिथे ठेवायची तिथलं माप घ्या, बनवा, वापरून बघा, फसलं तर पुन्हा बनवा. एखाद्याच्या गाडीचं चाक निखळलं तर त्या फक्त "का निखळलं?" एवढं विचारून पुढे जायच्या. पोरं आधी वैतागायची, मग चाक उलटंसुलटं करत बसायची आणि कधीतरी कारण सापडायचं. त्या क्षणासाठीच तर बाई नोकरी करत होत्या. पगारासाठी कुणी हा विषय शिकवत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी सगळ्या वस्तू लांब टेबलावर मांडल्या. डब्यांची झाकणं बसत नव्हती, गाड्या एका अंगाला ओढत होत्या. चौथीतल्या पोरांचं काम चौथीतल्या पोरांनी केल्यासारखं दिसत होतं, आणि पालकांना नेमकं तेच नको असतं. एक झाकण तेवढं नीट करू, म्हणून त्यांनी डिंक उघडला. मग दुसरं. मग काय, हात थांबेचनात.

एका अबोल मुलीने आजोबांच्या खाटेशेजारी पाणी आणि गोळ्या ठेवायला स्टूल केलं होतं. ते डुगडुगत होतं, एक पाय चांगला बोटभर आखूड होता. उद्या चारचौघांत पोरीची फजिती नको, म्हणून बाईंनी त्या पायाखाली लाकडाचा तुकडा चिकटवला आणि पॉलिश पेपरने जोड असा घासला की शोधूनही सापडू नये.

प्रदर्शन गाजलं. "हे आमच्या कार्ट्याने केलं? विश्वासच बसत नाही," एक आई म्हणाली. विश्वास बसायलाच नको होता. मुलं आपापल्या वस्तूंजवळ परक्याच्या घरी आल्यासारखी उभी होती. कुणी काही विचारलं की बाईंकडे बघत होती. संध्याकाळी मोठ्या बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, खोली राहिली. बाईंना इतकं हायसं वाटलं की त्या खुर्चीत बसून रडल्या.

पुढच्या तासाला ती मुलगी स्टूल घेऊन आली.

"बाई, हे घरी डुगडुगतं."

"अगं, इथे तर छान उभं होतं."

"आजोबांच्या खाटेपाशी फरशी वर आलीय. एक पाय बरोब्बर तिथे येतो. म्हणून मी तो आखूड ठेवला होता." तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. "पाणी सांडलं, गोळ्या भिजल्या. आजोबा म्हणाले, असू दे, शोभेचं असेल ते."

बाईंनी स्टूल उलटं करून आपण चिकटवलेला तुकडा बघितला. जिथे ठेवायचं तिथलं माप पोरीने घेतलं होतं; बाईंनी घेतलं ते शाळेच्या टेबलाचं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुझंच बरोबर होतं. ही घे करवत, काढून टाक तो तुकडा."

मुलीने करवतीला हात लावला नाही. "तुम्हीच काढा ना बाई. माझ्याकडून परत वाकडं होईल."

बाईंनी तिची खूप समजूत घातली. मग तो विषय तिथेच सोडून त्यांनी वर्गाला नव्या कामासाठी पट्ट्या वाटल्या. एकानेही पट्टी उचलली नाही.

"बाई," मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "शेवटी तुम्हीच करणार ना? मग आत्ताच करून द्या की."

सगळा वर्ग हसला. त्या हसण्यात खोडी नव्हती. हसून झाल्यावर सगळे हाताची घडी घालून नीट बसले आणि बाई कधी सुरुवात करतात याची वाट बघू लागले.