बारा आणे

आई जाऊन महिना झाला तरी मला सुकेशनीचा हेवा वाटत होता.

सुकेशनी परभणीतल्या एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात नर्स आहे. तिथे एक अभ्यास चालू होता. पेशंट आपलं दुखणं दहापैकी किती सांगतो आणि घरच्यांना ते किती वाटतं, हे नर्सच दर सोमवारी फोन करून लिहून घ्यायच्या. फोन आला की आई तो घेऊन मागच्या पायरीवर जायची. अर्धा अर्धा तास बोलायची, मध्येच हसायची. आत आली की मी विचारायची, "कसं हाय?"

"बारा आणे, अर्पी," म्हणून ती भिंतीकडे तोंड करायची. मग मी फोन घेऊन माझा आकडा सांगायची.

शेजारच्या सुलाबाईंना मात्र माझ्यादेखत सांगायची, "माझ्या सुकीला लय समजतंय."

तिची पथ्यं, तिचे कपडे, तिची आंघोळ, सगळं माझ्याकडे होतं. सुकीकडे फक्त सोमवार.

मग सुकेशनीचा मला फोन आला. घरच्यांच्या कागदावर माझी शेवटची सही राहिली होती. "तुमची उत्तरं द्यायची नसतील तर काढून टाकता येतात, ताई. पण जोडी मोडली की मावशींचा कागदही बाद होतो."

सही करायची नाही, असं ठरवूनच मी गेले.

तिने दोन कागद शेजारी ठेवले. शेवटचा सोमवार. आईच्या कागदावर आठ, आणि बाजूला बारीक अक्षरात 'बारा आणे'. माझ्या कागदावर दोन.

"हे तुम्ही उलटं लिहिलंय," मी म्हणाले. "माझे वडील तलाठी होते. आमच्या घरात सगळं पिकाच्या आणेवारीवर चालायचं. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. बारा आणे म्हणजे बऱ्यापैकी बरं. तिला बरं वाटत होतं, म्हणून मी दोन सांगितले, आणि तुम्ही तिचं दुखणं आठ लिहिलंत."

मी हे अगदी हळू आवाजात बोलले. आनंद दिसू नये म्हणून.

सुकेशनीने कागद उलटला. "मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. म्हणून विचारलं, 'बारा आणे काय, मावशी?' त्या जे बोलल्या ते तसंच उतरवलंय."

तिच्या गोल अक्षरात आई बोलत होती: 'दुखणं बारा आणे हाय. अर्पीला बी तेच सांगते. तिच्यासंग खोटं न्हाई बोलत मी. ती बापावानी पीक मोजती. मोजू दे.'

मी ते दोनदा वाचलं. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगितलं की, ताई."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तीन शब्दांचा प्रश्न होता, 'बारा आणे काय?' तो तिला सुचला आणि मला नाही, आणि आईने त्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. हेवा आता त्या तीन शब्दांचाच वाटू लागला.

मी पेन घेतलं आणि माझ्या दोनावर टेकवलं. "हे आठ करते."

सुकेशनीने कागदावर हात ठेवला. "लिहिताना चूक झाली असती तर रेघ मारून, सही करून बदललं असतं. पण ही चूक न्हाई. त्या दिवशी तुमाला दोनच वाटलं होतं. आमाला तेच पाहिजे."

"बाकीच्या लेकींचं जुळतं का?"

"ते सांगता येत न्हाई."

"जास्त जुळतं?"

तिने कागद माझ्याकडे सरकवला. सही न करता मी उठू शकत होते. मग आठही गेला असता, दोनही गेला असता, आणि आई जे बोलली तेही.

दोनाच्या खाली मी सही केली.

"तारीख," ती म्हणाली.

मला आठवेना. तिने सांगितली, मी लिहिली.