पेत्रूला हाक

"निन्फा, खिडकी लाव गं!" समोरच्या पाववालीनं ओरडून सांगितलं आणि स्वतःची खिडकी धाडकन लावली. पाठोपाठ गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या. म्हणजे माझे यजमान, कालोजेरो, वेशीपाशी शिडीवर चढले होते.

आमचं गाव डोंगराच्या माथ्यावर. खालून येणाऱ्या प्रत्येकाला ते हवंच असतं. अरब आले, नॉर्मन आले, स्पेनवाले आले. वेशीच्या कमानीवर एकानं आपलं चिन्ह बसवायचं, दुसऱ्यानं उतरवायचं. उतरवायला मात्र दरवेळी गावचाच पाथरवट. म्हणून त्या वेळी गावानं खिडक्या लावून घ्यायच्या. पाहिलंच नाही, तर साक्ष कोण देणार?

अठराशे अठ्ठेचाळीस साली बंड झालं तेव्हा नेपल्सच्या राजाचं चिन्ह, दगडी लिलीची फुलं, माझ्या पाथरवट सासऱ्यांनी, पेत्रूंनी, फोडली. खिडक्या बंद होत्या. पण दुपारी सासूबाईंनी सवयीनं हाक मारली, "पेत्रू, मसूर निवतेय, ये की!" वर्षभरानं राजाचं सैन्य परतलं. कुणीतरी ते नाव सांगितलं आणि पेत्रूंना वेशीच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. तेव्हापासून सासूबाईंनी कुणाला हाक मारली नाही, कोंबड्यांनासुद्धा नाही.

लिली पुन्हा बसली. आता, बारा वर्षांनी, राजाविरुद्ध उठलेले लाल शर्टवाले बंडखोर येणार म्हणून गावच्या कारभाऱ्यानं ती उतरवायला कालोजेरोंना बोलावलं.

"नाही म्हणा की हो," मी सकाळीच विनवलं होतं.

"नाही म्हटलं तर लाल शर्टवाले जाब विचारतील, हो म्हटलं तर राजा. इकडे आड, तिकडे विहीर." त्यांनी छिन्नी उचलली.

मी खिडकी लावली आणि ठोके सुरू झाले. चुलीपाशी बसलेल्या सासूबाई एकदम उठल्या. अलीकडे त्यांना भ्रम होई. मी धावेपर्यंत त्यांनी खिडकी सताड उघडली होती.

"पेत्रू! मसूर निवतेय, ये की!"

ठोके थांबले. मी त्यांना आत ओढून खिडकी लावली. आता हेही जाणार, एवढंच मनात आलं.

आठवडा उलटायच्या आत ढोल वाजवत वर आलं ते राजाचंच सैन्य. कप्तानानं सगळ्यांना वेशीत गोळा केलं.

"लिली कुणी फोडली?"

"पाहिलं नाही, साहेब. खिडकी बंद होती," पाववाली म्हणाली.

"कान तर उघडे होते ना?"

ती म्हणाली, "पेत्रूला हाक मारलेली ऐकली." मग शिंपी म्हणाला, पेत्रूच. मग सगळेच.

"पेत्रू, पुढे ये!"

मी कालोजेरोंचा हात घट्ट धरून ठेवला. सासूबाईच पुढे झाल्या. "माझा नवरा तो."

"कुठाय?"

भिंतीतल्या गोळ्यांच्या खड्ड्यांवर त्यांनी तळहात ठेवला. "तुमच्याच माणसांनी इथं उभा केला होता. तुम्हीच सांगा."

कप्तानानं एकेकाच्या हातांकडे पाहिलं. "नवी लिली बसवायचीय. गावात पाथरवट कोण?"

"तोही पेत्रूच होता," सासूबाई म्हणाल्या.

मेलेल्याला गोळ्या घालणार कशा? रिकामी कमान तशीच सोडून सैन्य उतरून गेलं. कालोजेरोंनी छिन्नी विहिरीत टाकली. आता ते शेळ्या राखतात. कमानीखालून जाताना मान वर करत नाहीत.

पुढे लाल शर्टवाले आले. त्यांच्या नव्या राजाचं क्रूसाचं चिन्ह कोरायला त्यांना खालच्या गावाहून माणूस आणावा लागला. पहिला ठोका पडला तेव्हा सासूबाई मसूर निवडत होत्या. कुणी न सांगता, हाक न मारता त्या उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.