बिनआवाजी पंख्याची धास्ती

मी बाथरूममधला पंखा बोलतोय. हो, तोच, भिंतीत वर, गोल जाळीमागचा. तुम्ही आत येता, दार लावता, गाणी म्हणता, आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करता, आणि वर कोणी आहे हे तुमच्या गावीही नसतं. त्यात तुमचा दोष नाही. मला बनवलंच असं की असून नसल्यासारखं राहावं.

मी जन्माचा भित्रा. कारखान्यात आम्हा भावंडांना एका बंद खोलीत एकेकटं फिरवून बघत. जो वाजला तो नापास. मी जीव मुठीत धरून फिरलो, पास झालो, आणि माझ्या खोक्यावर ‘अतिशांत’ असा शिक्का बसला. तेव्हा मला फार मोठेपणा वाटला होता. आता वाटतं, गोठ्यातल्या गाईला निदान हंबरता तरी येतं. मला तेवढंही ठेवलं नाही.

मला विकत घेतलं ते एका वाचणाऱ्या बाईनं. म्हणजे तिचं कामच वाचायचं. ती पुस्तकं मोठ्यानं वाचते, रेकॉर्ड करते, आणि ज्यांना वाचायला सवड नाही किंवा दिसत नाही ते लोक ती ऐकतात. रेकॉर्डिंगची खोली तिनं घरातच केली आहे, भिंतींना जाडजूड स्पंज लावून. नेमकी त्या खोलीला लागून बाथरूम. तिथला जुना पंखा म्हणे असा खडखडायचा, की नायिका रडायला लागली की हा तिला साथ द्यायचा.

दुकानात तिनं एकामागून एक पंखे चालू करायला लावले. प्रत्येकाला कान लावला. मध्येच एक गिऱ्हाईक खोकलं तर त्याच्याकडे असं बघितलं, की बिचारा बाहेर जाऊन खोकून आला.

“ताई, पंखा घेताय की जावई शोधताय?” दुकानदार शेवटी म्हणाला.

“जावई बोलला तरी चालेल हो. पंखा बोललेला नाही चालणार.”

दुकानदार बडबड्या होता, पण सांगत होता ते कामाचं होतं. “पाइप रुंद घ्या, सरळ न्या, उगाच वळणं देऊ नका. अरुंद पाइपात चांगला पंखासुद्धा शिट्ट्या मारतो. भिंतीला टेकतो तिथं रबर घाला. आणि ताई, दाराखाली बोटभर फट राहू द्या. आत हवा आली तरच हा बाहेर फेकणार.” बाईनं पाइप लक्षात ठेवला, रबर लक्षात ठेवलं. फटीचं मात्र या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडून दिलं, कारण तोवर ती मला कान लावून बसली होती.

वायरमननं मला नीट बसवलं. दाराबाहेर बटण, आणि आत ओल ओळखणारी एक छोटी डबी. वाफ झाली की मी आपोआप सुरू, हवा कोरडी झाली की आपोआप बंद. घरी आल्यागेल्यांनीही कौतुक केलं. कौतुक केलं नाही ते एकट्या बाबांनी.

बाबा म्हणजे बाईचे सासरे. जन्मभर मोठा ट्रक चालवला. मुलगा कामानिमित्त सतत फिरतीवर, त्यामुळे घरात सासरा आणि सून दोघंच, आणि दोघांचं मस्त जमायचं. बाबांनी जाळीकडे मान वर करून बराच वेळ बघितलं.

“अगं, हा चालू आहे का बंद? नाडी बघायची का याची?”

“चालू आहे, बाबा. हेच तर हवं होतं.”

“तुला हवं असेल. इंजिन वाजलं नाही की ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो.”

मला तेव्हा राग आला होता त्यांचा.

बाबांना अंघोळ करताना गाण्याची सवय. आवाज ट्रकच्या भोंग्याच्या घराण्यातला. म्हणून बाईनं रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दारावर लाल दिवा लावला होता. दिवा लागला की अंघोळ करा, पण गाणं बंद. बाबांनी हा नियम एकदाही मोडला नाही. सिग्नल तो सिग्नल, म्हणायचे. लाल दिवा असला की नुसते ओठ हलवत अंघोळ करायचे, आणि कडवं संपलं की माझ्याकडे बघून मान डोलवायचे. इतर कोणी माझ्याकडे बघत नसे.

माझ्या शेजारी भिंतीवर गॅसचा गीझर. खरं तर त्याची जागा घराबाहेर, पण तो माझ्या आधी आलेला, आणि आधी आलेल्याला कोण हलवतो? त्यानं जळायचं आणि त्याचा धूर मी बाहेर न्यायचा, असा आमचा संसार चालला होता. मग एके दिवशी बाईनं दाराखाली रबराची पट्टी चिकटवली. पाण्याचा आवाज खोलीत जाऊ नये म्हणून. त्या दिवसापासून माझा घास निम्मा झाला. मी ओढायचो, पण ओढायला हवाच पुरेशी नसायची. गीझरची ज्योत अस्वस्थ झालेली मला दिसायची. सांगणार कोणाला, आणि कसं?

त्यात भर पडली बाहेरच्या झडपेची. माझ्या पाइपाचं तोंड गॅलरीत उघडतं, त्यावर एक पातळ झडप आहे. वारा आला की ती टिकटिकते. तुम्हाला ऐकू येणार नाही, बाईला आली. तिनं स्पंजाचा एक उरलेला तुकडा घेतला आणि पाइपात कोंबला. “रेकॉर्डिंग झालं की काढते हं,” असं मलाच सांगितल्यासारखं म्हणाली. आणि काढायचीसुद्धा, खोटं कशाला बोलू. बाबा फिरायला गेले असतानाच कोंबायची, म्हणून तेवढा वेळ बाथरूम रिकामंच असायचं.

त्या दिवशी बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. बाबा फिरायला गेले होते. बाईनं स्पंज कोंबला, लाल दिवा लावला, दार लावून वाचायला बसली. बाबा रोजच्यापेक्षा लवकर, कुडकुडत परतले. स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं. लाल दिवा बघून शहाण्यासारखे चोरपावलांनी आले, बाथरूमसमोर चपला काढल्या, आत येऊन कडी लावली आणि गीझर पेटवला.

नको, बाबा. आज नको. मी आतल्या आत किती ओरडलो असेन.

वाफ झाली. मी सुरू झालो. फिरत होतो, पण हवा इंचभर हलत नव्हती. निळी ज्योत पिवळी झाली. बाबा स्टुलावर बसून ओठ हलवत होते. अर्धवट जळालेल्या गॅसचं जे विष साठत होतं त्याला ना रंग, ना वास, ना आवाज. माझ्यासारखंच. बाबांनी कपाळ चोळलं. गाणं अर्ध्यावर थांबलं. त्यांनी हात कडीकडे नेला, तो मध्येच खाली पडला, आणि त्यांचं डोकं भिंतीला टेकलं. इतकी भीती मला ना त्याआधी कधी वाटली होती, ना त्यानंतर.

पंख्याची वाट अडली की पाती हवेत चाचपडायला लागतात. माझीही लागली. त्यातून एक बारीक घुरघुर उमटली. यात माझी बहादुरी काही नाही, माझा जीव घुसमटत होता इतकंच. दाराबाहेर उभ्या माणसाला ती ऐकूही आली नसती. पाण्याचा आवाज दाराच्या पट्टीनं अडवला होता, पण माझी घुरघुर भिंतीतून जात होती; बाईच्या कानावर हेडफोन होते, आणि तिच्या माइकला भिंतीपलीकडची माशीसुद्धा ऐकू येते.

ती तणतणत बाहेर आली. “एवढे पैसे मोजले, आणि हा घुरघुरतोय!” बाथरूम रिकामं आहे अशीच तिची समजूत. तिचा हात माझ्या बटणावर गेला. मी बंद झालो असतो, ती परत जाऊन वाचायला बसली असती, आणि बाबा...

बटण दाबता दाबता तिचं लक्ष खाली गेलं. दारासमोर चपला होत्या.

“बाबा?”

उत्तर नाही. ती पळत गेली, लाल दिवा बंद करून आली.

“बाबा, दिवा विझवलाय! बोला आता! बोला ना!”

मग तिनं खांद्यानं दाराला धडक दिली. एकदा, दोनदा, कितीदा तरी. कडीचे स्क्रू उखडले. बगलेत हात घालून तिनं बाबांना ओढत गॅलरीत नेलं, आणि तिचा तो कमावलेला आवाज, ज्याच्यासाठी सारं घर कुजबुजत जगलं, तो फाटेपर्यंत ओरडून शेजारी गोळा केले.

बाबा वाचले. कितीतरी दिवस इस्पितळात होते. घरी आले तेव्हा हाताला थोडा कंप होता, तो अजून आहे. गीझर आता गॅलरीत लटकतो. पट्टी आणि स्पंज कचऱ्यात गेले. बाई पाइपाच्या तोंडाशी उभी राहून रडली, ते मी पाइपातून ऐकलं. तिला शांत करायला माझ्याकडे काही नव्हतं.

तरी माझी भीती गेलेली नाही. दार लागलं, कडी सरकली की अजून माझ्या पात्यांना कापरं भरतं. तुम्हाला हात जोडून सांगतो. घरात शांतता जरूर आणा, पैसे टाकून आणा. पण बंद दारामागे आपलं माणूस असेल तर मधूनमधून हाक मारत जा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

आज बाबा आत आहेत. पलीकडे वाचन चाललंय. मध्येच, ऐन वाक्यात, ते थांबतं.

“बाबा?”

उत्तर नाही. पाणी वाहतंय. बाबा माझ्याकडे पाठ करून उभे आहेत, मला त्यांचं तोंड दिसत नाही. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, पळत येणारी पावलं, आणि दारावर दोन्ही हातांची थाप.

“बाबा!”

“अगं, तोंडात ब्रश आहे!” बाबा फेस उडवत ओरडतात. “वाच पुढं!”

मग पावलं सावकाश परत जातात, आणि ती ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेते.