पाचवं काळं बटण

पैज लागली ती मिशाळच्या दुकानात, माझ्या एका गालावर साबण असताना. मिशाळ म्हणजे माझा शेजारी. अठरा वर्षं आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. धंद्याने न्हावी. दुकानाला पाटी नाही, कारण पाटीचं काम त्याची मिशी करते. नाकाखाली दोन खारी तोंडाला तोंड लावून झोपल्यात असं वाटावं, अशी मिशी.

"आपल्या चर्चच्या कमिटीत बावीस वर्षांत एक काळं बटण पडलेलं नाही," तो वस्तरा पुसत म्हणाला. "याला म्हणतात एकी. नाहीतर बाहेर बघ, निवडणूक आली की सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात."

बटणांचं सांगतो. आमच्या कमिटीत हात वर करून मत देत नाहीत, कारण हात वर केला की बायका दुसऱ्या दिवशी नळावर भांडतात. म्हणून प्रत्येकाला दोन बटणं, एक पांढरं आणि एक काळं. दानाच्या दोन मखमली पिशव्या फिरतात. लाल पिशवीत जे टाकाल ते मत. उरलेलं निळ्या पिशवीत. पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नको. मूठ झाकून आत घालायची, रिकामी बाहेर काढायची. कोणी काय टाकलं ते तुम्हाला ठाऊक आणि प्रभूला.

"एकी कसली, झोप आहे ती," मी म्हणालो. "या खेपेला एक तरी काळं निघणार. लाव पैज."

बाकावर नंबर लावून बसलेल्या शिंप्याने पेपर खाली केला. "काय लावता?"

"मी हरलो तर अर्धी मिशी," मिशाळ म्हणाला. "चर्चच्या अंगणात, उपासना सुटल्यावर, साऱ्या मंडळीदेखत. माझ्या हाताने."

"आणि गळतीवाला हरला तर?" शिंप्याने माझ्याकडे बोट केलं. गळतीवाला म्हणजे मी. गच्च्यांच्या भेगा बुजवतो, डांबर ओततो, गळणारी छपरं बंद करतो. मला मिशी नाही.

"त्याची डावी भुवई."

"अरे, मिशी महिन्यात येते. भुवई कधी येते कोणाला माहीत?"

"घाबरलास?"

"तुझ्या बापाला घाबरतो का मी? मंजूर."

आता मत कशावर होतं, ते ऐका. माझी बायको सव्वीस वर्षं चर्चमध्ये पायपेटी वाजवते. लग्न, बारसं, मयत, सगळ्याला तीच. दोन वर्षांपासून तिचे हात थरथरतात. गाणं जरा रेंगाळतं, मंडळी पुढच्या ओळीवर पोचते आणि पेटी मागून येत राहते, म्हातारी माणसं जिना चढतात तशी. त्यात आमच्या वॉर्डाच्या साहेबांनी निवडणुकीच्या तोंडावर चर्चला एक डबा भेट दिला. बटण दाबलं की सगळी गाणी आपोआप वाजतात. डब्यावर साहेबांचा हात जोडलेला फोटो. साहेब निवडून आले, आमच्या गल्लीचं पाणी दिवसाआड झालं, डबा मात्र राहिला. तर कमिटीने ठरवायचं होतं, पुढच्या वर्षी पेटी बाईंनी वाजवायची की डब्याने. पांढरं म्हणजे बाई.

नऊ जणांची कमिटी, मी धरून. मास्तर चिटणीस. ते म्हणाले, "नवऱ्याने मत देऊ नये."

"मास्तर, आपल्या कमिटीत नातेवाइकांना बाहेर काढलं तर आत फक्त खुर्च्या राहतील," मी म्हणालो. सगळे हसले. मी बसलो.

खरं सांगतो, शंका अशी कोणाला नव्हतीच. मतदानाआधी एकेकाने तिचं असं कौतुक केलं, की मला वाटलं ती वारली की काय. एकाला तिची पेटी ऐकून रडू यायचं. दुसऱ्याच्या आईला शेवटच्या घटकेला तिचंच गाणं हवं होतं. पाळकसाहेब म्हणाले, "बाई म्हणजे या देवळाचा श्वास." मिशाळ तर टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "वहिनींचे हात थांबले, तर मी दुकान बंद करेन!"

लाल पिशवी माझ्याकडे आली. आठ पांढरी तर नक्की. नववं काळं पडलं तर बिघडतं काय? घरी जाऊन सांगायचं, "आठ-एक. तुझा एकच दुश्मन निघाला, ओळख कोण?" ती लाटणं घेऊन मागे लागेल, आणि पुढच्या रविवारी मिशाळ अर्ध्या मिशीने गल्लीभर फिरेल. चित्र इतकं झकास होतं की मला हसू दाबावं लागलं. मी मूठ आत घातली आणि काळं सोडलं.

मास्तरांनी पिशवी टेबलावर पालथी केली. बटणं मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा.

"काळी पाच," ते म्हणाले. "पांढरी चार."

कोणी कोणाकडे बघेना. माझ्याशिवाय आणखी चौघांनी कौतुक करून झाल्यावर मखमलीत काळं टाकलं होतं. आणि मी पांढरं टाकलं असतं तर तीच पाच पांढरी झाली असती. हा हिशेब करायला मास्तर लागत नाहीत.

मी म्हणालो, "परत घेऊ या का?"

"नियम आहे," मास्तर म्हणाले. "बटण पडलं की वर्षभर विषय बंद. कोणीही काहीही म्हणो."

तीस वर्षं मी देशाच्या निवडणुकीत मत देतोय. मी ज्याला देतो तो पडतो. माझं मत एकदाच कामाला आलं, ते असं.

घरी आलो तर ती जेवणाच्या टेबलाशी बसून कडेवर बोटं चालवत होती. रविवारच्या गाण्याची तयारी. पेटी चर्चमध्ये, म्हणून घरी टेबल.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. डबा."

बोटं थांबली. "किती?"

"पाच-चार."

तिने डोळे मिटून कमिटीची नावं बोटांवर मोजायला घेतली. बोटं थरथरत होती, दोनदा चुकली. "मास्तर," ती म्हणाली. "त्यांना माझी संथ गाणी कधीच आवडली नाहीत. बेकरीवाला, तो साहेबांचा माणूस. बेकरीवाल्याचा मेहुणा, तो बेकरीवाल्याचा माणूस. आणि पाळकसाहेब."

"पाळकसाहेब? छे!"

"अहो, परवा मला म्हणाले, आता विश्रांती घ्या. कोणी प्रेमाने विश्रांती घ्या म्हणालं, की समजायचं." मग तिने करंगळी धरली. "हे चार झाले. पाचवा कोण?"

मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा झाला तरी तोंडाला धरून उभा राहिलो.

पुढच्या रविवारी ती चर्चला आली नाही. मी एकटा गेलो. डबा वाजला. सूर पक्के, ताल पक्का, आणि मंडळी मागे पडली. सव्वीस वर्षं पेटीची वाट बघत गायची सवय, ती डब्याला कशी कळणार? प्रत्येक ओळीनंतर आम्ही थांबायचो आणि डबा पुढे निघून जायचा. शेवटी पावसासाठी प्रार्थना झाली. दोन वर्षं आभाळ कोरडं आहे. या प्रार्थनेला सगळ्यांत मोठ्याने आमेन माझा असतो. पाळकसाहेबांना वाटतं भक्ती. बायको म्हणते, "तुमची भक्ती गच्चीपुरती. पाऊस नाही तर गळती नाही, गळती नाही तर प्रभू आठवतो." त्या दिवशी मात्र माझ्या तोंडातून आमेन निघेना. काय मागायचं? आमचं खरं छप्पर गळत होतं घरात, आणि भोक मीच पाडलेलं.

सोमवारी एक रिकामी गच्ची मिळाली कामाला. डांबर तापवत बसलो. वर ऊन, खाली डांबर. मी आभाळाकडे बघून म्हणालो, "प्रभू, तुझ्याकडे गंमत चालते का?" त्याला नऊच्या नऊ मुठी दिसल्या होत्या. माझी मूठ धरली असती, हाताला मुंगी चावली असती, नुसती शिंक आली असती, तरी भागलं असतं. एवढं जग चालवणाऱ्याला एक शिंक जड होती का? मग वाटलं, त्याला कशाला बोल लावतोस लेका, हात तुझा. बायबलातल्या ज्या शिष्याने गुरूला धरून दिलं त्याला निदान चांदीची नाणी तरी मिळाली. मला काय मिळणार? शेजाऱ्याची अर्धी मिशी.

त्या गच्चीवर मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या डोक्यावर खरंच कोणी नाही. नुसतं आभाळ आहे, आणि तेही कोरडं.

संध्याकाळी घरी आलो तर बायको भिंतीकडे तोंड करून बसलेली. पलीकडे मिशाळची शिट्टी ऐकू येत होती.

"मला पाचवा सापडला," ती म्हणाली, आणि भिंतीकडे बोट केलं.

"मिशाळ? वेड लागलंय का तुला?"

"मग नजर का चुकवतो? आठ दिवस झाले, मी दारात दिसले की मान खाली घालून जातो. पूर्वी कसा गल्लीच्या टोकाहून वहिनी-वहिनी ओरडायचा."

तो मान खाली घालत होता, कारण मतदान झाल्यावर तो चर्चच्या पायरीवर बसून माझ्यासमोर रडला होता. "वहिनींना तोंड कसं दाखवू? मी सगळ्यांना भेटून मतं पक्की करायला हवी होती," म्हणत होता. मिशी भिजेपर्यंत रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होतो. त्याच हाताने.

"त्याने नाही टाकलं," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही, पण..."

"त्याच्या पोरीच्या लग्नात चार तास वाजवलं मी. ताप होता अंगात." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मास्तर, पाळक, ते सोडा हो. ते परके. पण भिंतीला भिंत लागून राहायचं आणि असं?"

दुसऱ्या दिवशी मिशाळची बायको साखर मागायला आली. हिने दार अर्धं उघडलं, "संपली," म्हणाली आणि लावून घेतलं. ओट्यावर साखरेचा डबा काठोकाठ भरलेला. मिशाळच्या बायकोने मला गल्लीत गाठलं. "भावजी, आमचं काय चुकलं?" मी म्हणालो, "उन्हाने डोकं दुखतंय तिचं." खोटं बोलायला मला कधी विचार करावा लागत नाही, हाच तर माझा लौकिक.

चार रात्री मी ठरवलं, उद्या सांगतो. चारही सकाळी ती टेबलाशी बसलेली दिसायची, बोटं न हलवता, नुसते हात टेबलावर ठेवून. सांगितल्याने काही परत मिळणार नव्हतं. पेटी नाही, वर्ष नाही. आणि न सांगता तिच्याजवळ निदान एक माणूस उरत होता, मी. तेवढं तरी ठेवू या तिच्यासाठी, असं मी स्वतःला समजवायचो. तिच्यासाठी म्हणे!

रविवार आला. गेल्या रविवारी मिशाळ लाजेने चर्चला फिरकला नव्हता, पण या रविवारी त्याने शब्द पाळायचं ठरवलं होतं. मी त्याला दोनदा म्हणालो, "जाऊ दे रे ती पैज." तो म्हणाला, "अशा दिवसांत माणसाने निदान एक गोष्ट बोलल्याप्रमाणे करावी." शिंप्याने अख्ख्या मंडळीला वर्दी दिलेली.

बायको पदर सारखा करून तयार झाली. "मी येते."

"तू? चर्चला?"

"उपासनेला नाही. सुटल्यावर अंगणात. भावजी कसली पैज हरलेत म्हणे, सगळ्यांसमोर मिशी उतरवणार आहेत. मला बघायचंय." इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडावर असा भाव मी पाहिला नव्हता. माझ्या बायकोला दुसऱ्याचं वाईट बघायची हौस, आणि ती मी लावलेली.

उपासना सुटली. अंगणात मिशाळने दुकानातली खुर्ची आणून ठेवली होती, आरसा भिंतीला टेकवलेला, गळ्याभोवती पांढरं फडकं. पोरं पुढे बसली, म्हातारे पायऱ्यांवर. ती फाटकाशी उभी. मिशाळने ब्रश फिरवून फेस केला, अर्ध्या मिशीला लावला. शिंपी ओरडला, "डावी की उजवी?" हशा पिकला. मिशाळने वस्तरा उचलला आणि एकदाच फाटकाकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं नाही. त्यानेच मान खाली घातली.

"थांब," मी म्हणालो.

"काय रे?"

"पैज तू नाही हरलास. मी हरलो. ज्याने पैज लावली त्याने स्वतःच काळं टाकून जिंकायचं नसतं."

पोरं अजून हसत होती, त्यांना काही कळलं नव्हतं. मोठी माणसं गप्प झाली, पुढून मागे, एकेक रांग. मी फाटकाकडे बघून बोललो, कारण सांगायचं तिलाच होतं. "पाचवं माझं. मला वाटलं आठ पांढरी पडतील. मिशाळची फजिती करायची होती. मिशाळने पांढरंच टाकलं. तो इथे पायरीवर रडला."

मिशाळ खुर्चीतून उठला. अर्धा ओठ फेसाने पांढरा. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर मी खाली बसून घेतलं असतं. त्याने गळ्याचं फडकं सोडलं, झटकलं आणि खुर्चीकडे बोट केलं.

"बस."

मी बसलो. त्याने फडकं माझ्या गळ्यात बांधलं, जरा घट्टच. तेवढ्यात ती चालत आली. गर्दीने वाट दिली. ती माझ्या खुर्चीजवळून गेली, तिचा पदर माझ्या गुडघ्याला लागला, आणि ती मिशाळसमोर थांबली.

"भावजी," ती म्हणाली, "घरी साखर होती."

"वहिनी, असू द्या हो."

"नाही. होती."

मिशाळची बायको पुढे आली आणि तिने हिचा हात धरला. दोघी फाटकाकडे निघाल्या. मी हाक मारली. ती वळली नाही.

"हलू नकोस," मिशाळ म्हणाला. "डोळ्याजवळ काम आहे." त्याच्या आवाजात काही नव्हतं, कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. भुवईवर गार फेस पडला, डोळ्यात उतरला, झोंबला. उरलेल्या डोळ्याने मी फाटक बघत राहिलो. वस्तरा फिरला, दोनच हात. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मिशाळने पातं पुसलं, आरसा उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला, तर फाटक दिसेनासं झालं.