आदितीचं एकभुक्त

पद्मावतीला कुणी वाईट आई म्हणालं असतं, तर अख्ख्या गल्लीनं त्याला वेड्यात काढलं असतं. लेकीच्या फुटबॉलसाठी ती सगळ्या भावकीशी भांडली होती. पोरीच्या जातीला चड्डी घालून मैदानात कशाला पाठवायचं, असं जाऊबाई म्हणाल्या, तेव्हा तिनं त्यांना तिथल्या तिथं गप्प केलं होतं. तिची हौस एवढीच, की बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, व्रत करणाऱ्यांची नावं वाचतात त्यात एकदा आपल्या लेकीचंही नाव यावं. यंदा पर्युषणात नववीतल्या आदितीनं दहा दिवसांचं एकभुक्त धरलं. दिवसातून एकदाच जेवण आणि उकळलेलं पाणी. आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पाचव्या दिवशी सरावात उंच आलेला चेंडू डोक्यानं मारायला दोघी एकदम उडाल्या आणि डोक्यावर डोकं आदळलं. आदिती खाली बसली, आपण कुठल्या बाजूला खेळतोय ते तिनं दोनदा विचारलं. संध्याकाळी तिच्या प्रशिक्षक स्वप्नाली मॅडमचा फोन आला.

"काकू, टेंगूळ न्हाय म्हणून गाफील राहू नका. आतनं मेंदूला हिसका बसतोय. डॉक्टरला दाखवा. त्यांनी व्हय म्हटल्याशिवाय मी तिला खेळवणार न्हाय."

"दाखवतो की," पद्मावती म्हणाली.

दाखवलं मात्र नाही. दवाखान्यात गेलं की गोळ्या येणार, दिवसातून तीनदा खाऊन घ्या म्हणणार, म्हणजे व्रत मोडलंच. पारणं होऊ दे, मग बघू. नवरा सम्मेद कागलच्या एमआयडीसीत पाळ्या करून दमून यायचा; त्याच्या कानावरही तिनं काही घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी आदितीचं डोकं ठणकायला लागलं. बस्तीतल्या दिव्यांकडं तिला बघवेना. घरी येऊन ओकली. बायका म्हणाल्या, "पहिलंच व्रत हाय, पित्त उसळणारच." पद्मावतीला ते पटलं. खरं तर तिनं ते पटवून घेतलं. उपाशी पोटानं डोकं दुखतं आणि मार लागूनही दुखतं. दोन्हींतलं जे सोयीचं, ते तिनं धरलं.

पर्वाचे दहा दिवस दहा धर्मांचे, त्यात सातवा तपाचा. आदिती भिंतीकडं तोंड करून निजली होती.

"आई, मोडू काय व्रत? लई गरगरतंय."

पद्मावती 'मोड' म्हणणारच होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तीनच दिवस राहिल्यात, बाळा. आता मोडलंस तर अशक्त झाली म्हणून मॅडम परवाची मॅच खेळू देतील व्हय? निभाव. मॅडमना मी सांगतो."

आणि तिनं खरंच सांगितलं. मोबाइल घेऊन लिहिलं, डॉक्टरांना दाखवलं, बरी आहे. खोटं बोलायची सवय नसलेल्या बाईचं खोटं लोकांना लगेच खरं वाटतं. मॅडमनाही वाटलं.

नवव्या दिवशी मॅच होती. दुसऱ्या हाफमध्ये एक साधा चेंडू आदितीच्या कानशिलावर बसला. काही फार जोरातही नव्हता. ती उभ्या उभ्या कोसळली आणि दोन मिनिटं डोळेच उघडेनात.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढला. रक्तस्राव नव्हता, तेवढं नशीब. "याआधी कधी मार लागला होता?" त्यांनी विचारलं. स्वप्नाली मॅडमनी मोबाइलवरचा तो निरोप पद्मावतीसमोर धरला. सम्मेदनं तो वाचला आणि बायकोकडं न बघता खुर्चीवर बसला.

डॉक्टर सावकाश म्हणाले, "पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसलाय. दोन दिवस पूर्ण विश्रांती, मोबाइल बंद. पोटभर जेवण, पाणी, झोप. मग थोडं चालणं, थोडी शाळा. त्रास वाढला की पुन्हा मागं यायचं. चेंडू सगळ्यात शेवटी, तोही मी सांगीन तेव्हा. झोपेतून उठेना, ओकाऱ्या वाढल्या, तर तडक घेऊन या. पहिल्याच दिवशी थांबवली असती, तर बहुतेक दोन-चार आठवड्यांत खेळली असती. आता किती महिने लागतील, ते आज सांगता येत नाही."

पर्व संपल्यावर क्षमावाणी आली. त्या दिवशी एकमेकांसमोर हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची. पद्मावतीच्या घरी पडदे ओढलेले होते. जाऊबाई प्रियदर्शनी दारात आल्या, हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणाल्या आणि वर हळहळल्या, "एकच दिवस राहिलता की गं पोरीचा!" पद्मावतीनं क्षमा मागितली, केली आणि दार लावून घेतलं.

मग ती आतल्या खोलीत लेकीच्या उशाशी बसली. सगळ्या गावाची क्षमा मागणं सोपं असतं. इथं तिनं दोनदा हात जोडले आणि दोनदा सोडले.

"आदू," ती हळूच म्हणाली, "सातव्या दिवशी तू मला व्रत मोडू काय म्हणून विचारलंतंस. मी मोडू दिलं न्हाय. मॅडमना खोटं सांगितलं. मला क्षमा कर."

आदितीनं कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. बराच वेळ केला.

"मी विचारलंतं? मला आठवतच न्हाय की गं." मग लहानपणापासून शिकवलं होतं तसे तिनं पडल्या पडल्या हात जोडले. "केली क्षमा. मलाबी कर आई. व्रत पुरं झालं न्हाय माझ्याकडनं."

पद्मावतीनं तिचे जोडलेले हात धरून सोडवले. हुंदका अगदी ओठांपर्यंत आला होता. पण आवाजानं पोरीचं डोकं ठणकतं, म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशीच बसून राहिली.